मे महिन्यातलं पाणी

3 फेब्रुवारी 2025, सोमवार

दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला घर. दर्या आणि घर यांच्यामध्ये थोडी सुरूची झाडं आणि शेजाऱ्यांची वाडी, एवढंच. दोन मजले, वर सपाट गच्ची, समुद्राकडे पुढे काढलेली गॅलरी. बांधकाम 1996 चं. मालक डोंबिवलीला असतात, घरात त्यांची आई एकटी. त्यांना सगळा गाव काकू म्हणतो, मीही.

इंजिनेर म्हणून घर तपासायला आलो, हातोडी घेऊन फिरलो. धड काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. वरचा मजला बहुतेक सगळा बद्द. जिन्याच्या डोक्यावरच्या बीमला तळाशी सळईच्या रेषेत सरळ चीर होती, तिथे एक ठोका दिला तर हातभर लांबीचा पापुद्रा पायाशी येऊन पडला. आतली 12 मिलिमीटरची सळई पेन्सिलीएवढी उरली आहे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती नाही मिळाली की तो काँक्रीट फोडून घेतो.

खालचा मजला मात्र ठणठणीत. हे मला उलटं वाटलं. ओल खालून चढते, जमिनीजवळचं आधी कुजतं, असं धरून मी आलो होतो.

काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "पडणार आहे का तेवढं सांग. रंगाचं नंतर बघू."

मीटर खिशात होता म्हणून परसातल्या विहिरीचं पाणी तपासलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 380. गोडं पाणी.

11 फेब्रुवारी

वरच्या मजल्यावर सहा ठिकाणी फोडून बघितलं.

सळईवरचं काँक्रीटचं कव्हर : कॉलमला कुठे 12 मिलिमीटर, कुठे 20. स्लॅबला खालून जेमतेम 8. त्या काळी लागू असलेल्या 1978 च्या आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे कॉलमला 40, बीमला 25 आणि स्लॅबला निदान 15 पाहिजे होतं, समुद्राकाठी त्याहून जास्त. 2000 सालच्या आवृत्तीने किनाऱ्यावरच्या बांधकामाला 45 आणि समुद्राच्या पाण्याचे तुषार उडत असतील तर 50 सांगितलं. म्हणजे जुन्या नियमातही हे घर बसत नाही. पण सगळंच गवंड्याच्या माथी मारायला नको. 1996 ला आरसीसीला (सळया घातलेल्या काँक्रीटला) सर्वसाधारणपणे एम-15 प्रतीचं काँक्रीट चालायचं, ते नियमात होतं; आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत. आज इथे एम-30 च्या खाली मी हात लावणार नाही.

एक गंमत सापडली. कव्हर ब्लॉक म्हणून सळईखाली जांभ्याच्या कपच्या सारल्या आहेत. चिरे तासताना पडलेले तुकडे फुकट होते, हाताशी होते. जांभा पाणी पितो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी गच्चीच्या तळाला, सळईला चिकटून, प्रत्येक वावभर अंतरावर एकेक लाल तुकडा बसवलेला आहे आणि गंजाची सुरुवात नेमकी त्या तुकड्यांपाशी झालेली दिसते. पाण्याला आत यायला जणू वाटच बांधून दिली.

मग फिनॉल्फथॅलिन मारलं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर गुलाबी झालं तर त्यातली अल्कली टिकून आहे, रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती खाल्ली. टिकलेल्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो आणि त्यात सळई सहसा गंजत नाही. इथे सळईभोवती सगळीकडे लख्ख गुलाबी. तरी सळई खाल्लेली.

म्हणजे मीठ. त्यातलं क्लोराइड पुरेसं असेल तर पीएच चढा असूनही ते सळईवरचं संरक्षक कवच फोडतं.

खाऱ्या वाऱ्याने मीठ आलं म्हणावं, तर माजघराच्या डोक्यावरच्या खोलीतला मधला कॉलमही तसाच उकललाय. चारी बाजूंनी भिंती आहेत, तिथे वारा पोचत नाही. नमुने रत्नागिरीला प्रयोगशाळेत पाठवले. खालच्या मजल्याचेही दोन पाठवले, तुलनेला.

20 फेब्रुवारी

रिपोर्ट आला. एका घनमीटर आरसीसीत 0.6 किलोपर्यंत क्लोराइड चालतं. खालच्या मजल्याचं त्याच्या निम्म्यात आहे. वरच्या मजल्याचं दुपटीच्या पुढे, आणि पृष्ठभागाला जेवढं तेवढंच आतल्या गाभ्यात. बाहेरून शिरलेलं मीठ कडेला जास्त आणि आत कमी असतं. हे मीठ बाहेरून आलेलं नाही, कालवतानाच आत पडलेलं आहे.

काकूंना विचारलं, बांधकामाचा हिशोब कुणी ठेवला होता का. आत गेल्या आणि लाल कापडात बांधलेली वही घेऊन आल्या. काकांनी ठेवलेली. रोजची हजेरी, कोण आला, किती पाट्या सिमेंट लागलं, टेंपो कधी आला, चहापाण्याला किती, सगळं. ओटीवर बसून दोन तास वाचत होतो.

डिसेंबर 1995 : पाया, जोतं. वाळू नदीची. जानेवारी : खालचे कॉलम. फेब्रुवारी अखेर : पहिला स्लॅब. मग पैसे संपले असावेत. दीड महिना वहीत नुसती एका राखणदाराची हजेरी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काम सुरू, आणि इथून वाळूपुढे "खाडीची" असं लिहिलेलं. नदीच्या वाळूचा भाव पावसाच्या तोंडावर चढला होता, तीही नोंद आहे. वरचे कॉलम मेच्या पहिल्या पंधरवड्यात. गच्चीचा स्लॅब 26 मे 1996, रविवार. त्या दिवशी छत्तीस माणसं, दोन मिक्सर, जेवणाला मटण. पाणी : विहिरीचं. त्यानंतर पाचव्या दिवशी "सेंट्रिंग प्लेटा परत केल्या", म्हणजे स्लॅबखालचा साचा काढला.

पाचव्या दिवशी! साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस ठेवायचे असतात, त्याहून लांब असेल तर चौदा. इथे हॉल साडेपाच मीटरचा आहे. प्लेटा ज्याच्या होत्या त्याला पुढच्या स्लॅबला हव्या होत्या. आख्ख्या तालुक्यात सगळ्यांना मिरगाच्या आत स्लॅब टाकायचा असतो आणि प्लेटा तेवढ्याच.

काकू म्हणाल्या, "त्या वर्षी मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागायचं. आम्ही प्यायला वरच्या आळीतून आणायचो."

प्यायला मचूळ, काँक्रीटला चालतंय. असंच कुणीतरी म्हणालं असणार. मी असतो तर मीही म्हणालो असतो का, हा विचार डोक्यातून गेला नाही.

21 फेब्रुवारी

रात्री हिशोब मांडला. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19 ग्रॅम क्लोराइड. विहिरीत त्याचा दहावा हिस्सा मिसळला तर लिटरला 1.9 ग्रॅम. एका घनमीटरला त्या काळच्या पद्धतीने 200 लिटर पाणी धरलं तर 380 ग्रॅम क्लोराइड नुसत्या पाण्यातून. वरती खाडीची न धुतलेली वाळू, घनमीटरला 700 किलोच्या आसपास. वाळूत नुसतं 0.05 टक्के क्लोराइड असलं तरी आणखी 350 ग्रॅम. झाले 0.73 किलो, मर्यादा ओलांडली. वर आठवडाभर तेच पाणी मारून क्युरिंग.

आपल्याकडे बांधायचा हंगाम तो मे. ऊन कडक, पाऊस नाही, चाकरमानी गावी आलेले, पैसा हातात. आणि विहिरी सगळ्यात आटलेल्या आणि सगळ्यात खाऱ्या असतात तोही मेच. गोडं पाणी उपसलं जातं तशी खालून खारं पुढे सरकतं. किनाऱ्यावरच्या किती घरांचे वरचे मजले असे झाले असतील कोण जाणे. खालचा थर डिसेंबरचा, वरचा मेचा.

4 मार्च

मालक व्हिडिओ कॉलवर. 2012 साली एका पार्टीने दुरुस्ती केली होती ते त्यांनी सांगितलं, फोटो पाठवले. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, पॉलिमरचा माल भरून वर रंग. तीन वर्षांत प्रत्येक ठिगळाच्या शेजारी नवी चीर.

मालक म्हणतात त्यांनी फसवलं. मला तसं वाटत नाही, त्यांनी मन लावून केलंय, माल चांगला आहे, अजून धरून आहे. चूक वेगळी आहे. मिठाने भरलेल्या काँक्रीटमध्ये गंजणारा तुकडा शेजारच्या सळईला एका अर्थी वाचवत असतो. तो गंजतो, शेजारचा राहतो, विजेच्या सेलसारखं. तो तुकडा स्वच्छ करून नव्या मालात बसवला की त्याचं गंजणं थांबतं आणि शेजारच्याची पाळी येते. ठिगळाभोवती गंजाची कडी. जिथे मीठ फक्त वरवर आहे तिथे ठिगळ चालतं, जिथे गाभ्यात आहे तिथे ठिगळं लावत आयुष्य जाईल.

माझा सल्ला : गच्चीचा स्लॅब उतरवायचा. वरचे नऊ कॉलम काढून नवे. वर स्लॅब नाही, उतरतं कौलारू छप्पर. भार कमी होतो म्हणून खालच्या मजल्याला काही करावं लागणार नाही. जोत्याबाहेर वीतभरही जायचं नाही, सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) आहे.

मालक गप्प झाले. मग म्हणाले, "गच्ची जाणार?"

14 मार्च

शिमगा. पालखी येईपर्यंत माणूस मिळणार नाही. मिस्त्री स्वतः शिमग्यातच आहे. काम बंद.

24 मार्च

गॅलरी उतरवली. ही नोंद जरा सविस्तर करतो.

गॅलरी सव्वा मीटर बाहेर, एका बाजूने अधांतरी. फांदीच्या टोकावर माणूस चढला की फांदी वाकते, तेव्हा ताण पडतो तो वरच्या सालीवर. छज्जा, गॅलरी यांचं तसंच, म्हणून त्यांचं मुख्य लोखंड वर असावं लागतं. फोडत गेलो तर लोखंड तळाशी. पूर्ण तळाशी, शटरिंगच्या प्लेटची छाप सळईवर दिसावी इतकं.

ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. काकांनी वहीत घडी करून ठेवलेल्या ब्लू प्रिंटमध्ये सळया वरच दाखवल्या आहेत. बांधणाऱ्यानेही वर बांधल्या असणार, कारण भिंतीजवळ त्या वर आहेत आणि पुढे जात जात खाली उतरल्या आहेत. मधे काय झालं ते ज्याने एकदा स्लॅब टाकलाय त्याला सांगायला नको. जाळीखाली आधाराला वाकवलेल्या सळयांच्या खुर्च्या ठेवल्या नाहीत. त्या जाळीवरून छत्तीस माणसं डोक्यावर घमेली घेऊन दिवसभर गेली-आली. प्रत्येक पावलाने सळई थोडी दबली. संध्याकाळी वरून सारखं केल्यावर दिसायला काही उरलं नाही.

आमच्या मिस्त्रीला दाखवलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग म्हणाला, "खुर्च्यांचं लोखंड बिलात धरत नाहीत ना साहेब. मग कोण ठेवतो?"

बरोबर आहे. एका खुर्चीला मीटरभर सळई. किलो दोन किलोंचा प्रश्न.

ही गॅलरी एकोणतीस वर्षं उभी कशी राहिली? कठड्याने धरली असावी. आणि काकूंनी तिथे कधी कुणाला गर्दी करू दिली नाही. गणपतीतही फटाके बघायला पोरांना गॅलरीत जायला बंदी असायची. विचारलं का, तर म्हणाल्या, "चालताना हलायची."

12 एप्रिल

गच्ची उतरवून झाली. जाता जाता हिचीही हकीगत लिहून ठेवतो.

एकशे दहा चौरस मीटरची गच्ची, बाहेर पाणी जायला तीन इंची दोन पाइप. तासाला 100 मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही, पडला तर या गच्चीवर तासाभरात 11,000 लिटर पाणी जमतं. तीन इंची पाइप त्या पावसात वीस चौरस मीटरला पुरतो, म्हणजे दोन पाइप चाळीसला. उरलेल्या सत्तर चौरस मीटरचं पाणी कुठे जाणार? पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वाटाही, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा गोल उतारही, मारलेल्या नव्हत्या. तिथूनच ते भिंतीत उतरायचं. भिंतीतला जांभ्याचा चिरा ते पिऊन घेतो, बाहेरून सिमेंटचा गिलावा त्याला सुकू देत नाही, मग गिलाव्याला पोपडे धरतात. दोष मात्र चिऱ्याला.

नकाशा डोंबिवलीच्या सोसायटीतल्या फ्लॅटचा आहे, ते नकाशा काढणाऱ्याच्या शिक्क्यावरूनच कळतं. हॉल, किचन, दोन बेडरूम, अटॅच बाथरूम. त्यात झड येत नाही. इथे नैऋत्येकडून आडवा पाऊस येतो आणि त्याच बाजूला सात फुटी सरकती काच, वर छज्जा दीड फुटाचा. खिडकीच्या ग्रॅनाइटचा उतार आतल्या बाजूला. फरशीवाल्याने आतल्या फरशीच्या पातळीशी जुळवून घेतलं, बाहेर पाऊस आहे हे त्याच्या डोक्यात नव्हतं. काकू जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे बादल्या ठेवतात.

गच्ची गळते म्हणून 2014 ला वर पत्र्याची शेड केली. कोकणात आता स्लॅबवर पत्रा हीच रीत झालीय. आधी स्लॅबचे पैसे, मग तो झाकायचे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, झोत 130 पर्यंत. शेडच्या खांबांना चार-चार बोल्ट, तेही पॅरापेटच्या भिंतीत. पत्रे उडाले, खांब उपटले, समुद्राकडची पॅरापेट त्यांच्याबरोबर गेली. बोल्ट स्टेनलेस होते म्हणे. काकूंनी एक जपून ठेवलाय, तो तपकिरी झालाय. दर्याकाठी 304 ग्रेडचं स्टील डागळतं, 316 लागतं, आणि दोन्ही दुकानात सारखेच चमकतात.

पण त्या दुपारी शेजारची तीन घरं काकूंकडे येऊन बसली होती, हेही लिहायला हवं. त्यांची कौलं उडाली होती आणि स्लॅबखाली माणसं सुरक्षित होती. जुन्या घरांचं आम्ही इंजिनेर लोक फार कौतुक करतो, वासे वाळवीने पोखरलेल्या माजघरात रात्र काढायची वेळ आली की कळतं.

15 एप्रिल

विहिरीचा टीडीएस 1,450. चव अजून चालते, काकू पितात. काँक्रीटला आजपासून फक्त टँकरचं पाणी, मिस्त्रीला सांगितलं, वहीत लिहून त्याची सही घेतली. पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर असेल तर आरसीसीला ते चालत नाही.

हर्णैला चहाच्या टपरीवर नेहमीचा वाद. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. एकजण म्हणाला, "तो बघा साहेब, साडेतीनशे वर्षं उभा आहे, आणि तुमचं सिमेंट तीस वर्षांत जातं." मी म्हटलं त्यात सळई नाही. दगडाला मीठ हळूहळू खातं, लोखंडाला भरभर खातं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात तर मोठे दगड चुना न भरता नुसते रचलेत, लाट फटींतून आत जाऊन जोर मोडावा म्हणून. तो बांधणाऱ्याला पाण्याशी कसं वागायचं ते कळत होतं. पण त्याला सव्वा मीटर अधांतरी गॅलरी काढायची नव्हती. त्याला पटलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.

3 मे

नऊपैकी पाच कॉलम भरून झाले. एम-30, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45. म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, वाळूतल्या ओलीसकट. कव्हर ब्लॉक 50 चे, सिमेंटचे, साच्यात पाडून घेतलेले. मिक्सरवाल्याला ओतायला सरबरीत माल हवा असतो, तो पाण्याचा डबा घेऊन येतो, आम्ही परत पाठवतो, असं दिवसभर. माल सरबरीत करायला प्लास्टिसायझर (त्यासाठीचं रसायन) आहे, पाणी नाही.

7 मे, बुधवार

उद्याच्या नोंदीत लिहीन. आज दापोलीला ऑफिसचं काम.

9 मे

परवाची गोष्ट. सकाळी अकराला मिस्त्रीचा फोन. टँकर आला नाही, वरच्या गावांना पाणीटंचाई, तिकडे वळवला. तीन कॉलमचं सेंट्रिंग लागलंय, मिक्सर भाड्याचा, आठ माणसं बसून. "विहिरीचं मारू का साहेब? आजच्या दिवस?"

मी तहसील कार्यालयाच्या रांगेत होतो. म्हणालो, "आजचा दिवस भागव."

वाक्य जसंच्या तसं लिहितोय, नंतर मला ते वेगळं आठवायला नको.

आज सकाळी येऊन आधी विहिरीवर गेलो. टीडीएस 2,900. क्लोराइडच्या पट्टीवर 1,500 च्या आसपास. मर्यादेच्या तिप्पट. हिशोब केला : घनमीटरला 180 लिटर पाण्यातून 270 ग्रॅम. वाळू धुतलेली, त्यामुळे एकूण 0.6 च्या खालीच राहील. नियमात बसतं, म्हणजे निदान एकूण आकड्याच्या नियमात. पाण्याच्या नियमात बसत नाही. दुपारभर मी हेच दोन आकडे घेऊन बसलो होतो, कुठला धरू म्हणून.

काकू वर आल्या, नव्या कॉलमना हात लावून बघितला. त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, "यांनीपण असेच हात लावून बघितले होते."

10 मे

तीनही कॉलम फोडले. तीन दिवसांचं काँक्रीट, चांगलं घट्ट धरलेलं, फोडायला दोन ब्रेकर आणि आख्खा दिवस लागला. मिस्त्री बोलला नाही. खर्च माझ्या बिलातून वजा. मालकांना फोन करून कारण सांगितलं, ते म्हणाले आकडा नियमात होता तर कशाला फोडलं. मला नीट उत्तर देता आलं नाही.

20 मे

दुपारपासून पाऊस. वळीव म्हणावा तर थांबेना. मिस्त्री म्हणतो दोन दिवसांत उघडेल.

24 मे, शनिवार

उघडलं नाही. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा आज दुपारच्या सुमारास रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनारा ओलांडून गेला. वरच्या मजल्यावर पाच कॉलम उभे, चार ठिकाणी नुसत्या सळया, वर आभाळ. सळयांना सिमेंटचं दूध लावून प्लास्टिक गुंडाळलं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर ताडपत्री, पाणी जायला जिन्याजवळ भोक पाडलं. काकूंचं सामान खालच्या दोन खोल्यांत.

26 मे

काल मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर झालं. 25 मे. आमचं सगळं वेळापत्रक 7 जूनच्या मिरगावर बांधलेलं. गावात नऊ ठिकाणी स्लॅबची सेंट्रिंग लागलेली आहेत, त्यातल्या तीन ठिकाणी लोकांनी पावसातच भरून टाकले. मी रस्त्यावरून बघितलं, ओल्या काँक्रीटवरून सिमेंट वाहून पन्हळीला दुधासारखं लागलं होतं. मालक समोर छत्री घेऊन उभे. त्यांना जाऊन काय सांगणार? सेंट्रिंगचं भाडं दिवसावर चढतं.

मालक (आमचे) : "मग आता दसऱ्यानंतरच?"

मी हो म्हणून टाकलं.

26 जून

सहज विहिरीवर गेलो. टीडीएस 240.

ओटीवर बसून राहिलो. वर्षातलं सगळ्यात चांगलं पाणी आत्ता आहे, हवेत एवढी ओल आहे की क्युरिंगची फारशी चिंता नको, उन्हाने तडे जायची भीती नाही. आणि आपण काम बंद ठेवून बसतो आणि पाणी मचूळ झालं की सुरू करतो. मांडव घातला तर? बांबू, पत्रे, ताडपत्री. गणपतीला, लग्नाला घालतोच.

28 जून

मिस्त्रीला सांगितलं. म्हणाला पावसाचं काही नाही साहेब, मांडव घालू, पण माणसं कुठली आणणार? लावणी चाललीय. त्याची स्वतःची पाच गुंठे आहे.

म्हणजे कोकणात पावसाळ्यात बांधकाम बंद असतं ते पावसापेक्षा भाताच्या लावणीमुळे. वीस वर्षं या धंद्यात आहे, मला ते आज कळलं. लावणी उरकू दे म्हटलं.

26 जुलै

लावणी आटपली. मांडव उभा, वाऱ्याच्या बाजूने झापं बांधली. काल आणि आज मिळून चार कॉलम आणि सगळ्या कॉलमांना वरून जोडणारा रिंग बीम भरला. विहिरीचं पाणी, टीडीएस 190. पावसाचा आवाज एवढा की मिक्सर ऐकू येत नव्हता. मिस्त्रीने कॉलमच्या तळाला उघड्या हाताने चाचपून बघितलं, पोळं (काँक्रीटमधली पोकळ जाळी) सुटलेलं नाही.

 

3 ऑगस्ट

फॅब्रिकेटरचा फोन, उद्या मोकळा आहे, छपराचा सांगाडा चढवून टाकू, गणपतीत त्याला वेळ नाही. आठवा दिवस. बीमखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे. नाही म्हटलं. मग येणार नाही म्हणाला. नको येऊस म्हटलं.

11 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी टेकू काढले. फॅब्रिकेटर आला, कुरकुरत. पाइप गॅल्व्हनाइज्ड, बोल्ट 316 चे, पावती जपून ठेवली. सांगाडा रिंग बीममध्ये भरतानाच सोडलेल्या बोल्टांवर बसतो, विटांच्या भिंतीत काही नाही. कौलं दर तिसऱ्या ओळीला तारेने बांधायची.

25 ऑगस्ट

परवा चतुर्थी. छपराचं पूर्वेकडचं पाखं (उतार) कौलांनी पूर्ण, पश्चिमेकडे अजून ताडपत्री. गणपती खालच्या माजघरात, फेब्रुवारीच्या काँक्रीटखाली.

समुद्राच्या बाजूला जिथे गॅलरी होती तिथे आता छपराचं पाखं सव्वा मीटर पुढे आलंय, खाली पडवी. मालकांनी मार्चमध्ये पाठवलेल्या चित्रात तिथे काचेच्या कठड्याची गॅलरी आहे. ते उद्या येतायत आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी काकूंना म्हटलं, आधी फोन करून कल्पना देऊ का?

"तू नको," काकू म्हणाल्या. "मी सांगते त्याला. तू आरतीला ये."